प्लॅन सार

शाळेच्या दाखल्यावर त्यांचं एक नाव आहे, पेन्शनच्या कागदावर स्पेलिंगच्या कृपेने दुसरंच झालेलं आहे, आणि आम्ही त्यांतलं एकही वापरत नाही. मद्रासमधल्या आम्हा दहाबारा मराठी घरांचे ते नुसते काका. पण त्यांचं खरं बारसं केलं आमच्या व्हॅनच्या ड्रायव्हरअण्णाने. पहिल्याच सहलीच्या आदल्या रात्री काकांनी त्याच्या हातात चार पानी कागद ठेवला. अण्णाने तो उलटसुलट पाहिला, लग्नपत्रिका असावी अशा समजुतीने डोळ्यांना लावला, मग आत रकानेच रकाने बघून म्हणाला, "ओके, प्लॅन सार." तेव्हापासून अण्णानगरातला इस्त्रीवाला, दूधवाला, समोरच्या ब्लॉकमधले ऑडिटर मामा, सगळेच त्यांना प्लॅन सार म्हणतात. काका ते पदवीसारखं मिरवतात.

काका मूळचे साताऱ्याचे. १९७९ साली पेरांबूरच्या रेल्वे डब्यांच्या कारखान्यात लागले आणि प्लॅनिंगमधून निवृत्त झाले. हा कारखाना १९५५ पासून डबे बाहेर काढतोय, आणि त्यांतले कित्येक काकांच्या तक्त्यावरून मार्गी लागले. ते डबे जम्मूला गेले, गुवाहाटीला गेले, कन्याकुमारीला टेकून परत आले. काका स्वतः मात्र सातारा सोडून कुठे पोचल्याचं ऐकिवात नाही. "डबा वेळेवर दारात उभा करणं हे माझं काम," ते म्हणतात. "बसायचं ज्याचं त्याने."

दरवर्षी आषाढ लागला की काकांच्या अंगात येतं. आता मद्रासला (शहराचं नाव १९९६ साली बदललं, काकांच्या तोंडातलं अजून नाही) आषाढात पाऊस नसतो. संध्याकाळी एखादी सर येते, रस्त्यावरची धूळ दाबते आणि निघून जाते. नैऋत्येकडून येणारे ढग सह्याद्रीवर सगळा माल उतरवून टाकतात आणि आमच्या किनाऱ्याला रिकाम्या हाताने येतात. इथला खरा पाऊस ईशान्येचा, ऑक्टोबर ते डिसेंबर. तमिळ माणूस पावसाची झड म्हटली की ऐप्पसी महिना म्हणतो, म्हणजे आपल्या दिवाळीच्या आगेमागे. हे काकांना ठाऊक नाही असं नाही. चाळीस वर्षं इथे काढलेल्या माणसाला कोण पाऊस शिकवणार? पण जुलैत साताऱ्याहून त्यांच्या भावाचा फोन येतो. भाऊ फार बोलत नाही, फोन खिडकीबाहेर धरतो. काका तो स्पीकरवर टाकतात, आणि अण्णानगरच्या घामट दुपारी, पंख्याखाली, आम्ही पाच मिनिटं पत्र्यावर पडणारा साताऱ्याचा पाऊस ऐकत बसतो. फोन बंद झाला की काका चष्मा पुसतात आणि म्हणतात, "यंदा धबधबा करायचाच."

साताऱ्याला धबधबा करावा लागत नाही, तो असतोच. "आम्ही चहा ठेवून ठोसेघरला जायचो," काका सांगतात, "आणि उकळी फुटायच्या आत परत."

"जायलाच अर्धापाऊण तास लागतो," काकू आतून म्हणतात. "चहा होता की बासुंदी?"

ह्या काकूंबद्दल वेगळं लिहायला हवं, पण त्या लिहू देणार नाहीत.

तर कागद. तो मी जवळून पाहिलेला आहे, कारण त्याची झेरॉक्स काढून आणायचं काम माझ्याकडे असतं. आलेखाची वही, टोकदार पेन्सिल, वेळा रेल्वेच्या पद्धतीने चोवीस तासांत. ०३.४५ गजर. ०३.४५ ते ०३.५० अंथरुणात राखीव. ०४.०० वाहन दारात. ०४.०० ते ०४.१० 'चढणे (१४ व्यक्ती, प्रत्येकी ४० सेकंद, ४० सेकंद शिल्लक)'. ०४.१० प्रस्थान. उजवीकडचा रकाना 'जबाबदारी'. माझ्या नावापुढे गेली अकरा वर्षं 'ताक' आहे. मी इथे नोकरीत बढती घेतली, एका मुलाला दहावी करून दाखवली, तरी काकांच्या दफ्तरी मी ताकच. माझ्या नवऱ्यापुढे 'हवा' लिहिलेलं असतं. ती टायरमधली, तपासायची. अंतराचे रकाने तीन: नकाशावरचं, मोबाइलवरचं आणि खरं. खरं म्हणजे जे काकांनी मनाशी धरलेलं आहे ते.

चौथ्या पानावर 'अडचणी व उपाय'. ही यादी मी कधीकधी रात्री झोप येत नसली की आठवते. 'माकडे: ताक लपवणे.' 'निसरडे: काकूंनी बसून राहणे.' 'वाघ: संभव कमी. उपाय: एकत्र थांबणे.' चौदा मराठी माणसं पहाटे पावणेचारला उठणार नाहीत, ही अडचण मात्र त्या यादीत आजवर आलेली नाही.

मद्रासहून एका दिवसात 'करण्यासारखे' धबधबे कोणते, ह्यावर काकांचा अभ्यास दांडगा आहे. आमच्यातल्या तंजावरकडच्या आजींनी एकदा कुट्रालमचं नाव काढलं. लहानपणी त्या जूनच्या सरी अंगावर घेत तिथे न्हायलेल्या आहेत, आणि तमिळनाडूत धबधबा म्हणजे कुट्रालम हे खरंच आहे. काकांनी फक्त "सहाशेचाळीस" एवढंच म्हटलं. आजी गप्प झाल्या.

मग टाडाचा. रेड हिल्स मागे टाकून कोलकात्याच्या महामार्गाने वर गेलं, आंध्रची हद्द ओलांडली, की टाडा येतं. तिथून आत उब्बलमडुगु. सगळं मिळून नव्वदेक किलोमीटर. पण त्या वाटेने ओढ्यातल्या खडकांवरून पाय टाकत जावं लागतं. पाणी वाढलं की वाट बंद ठेवतात, आणि ठेवायलाच हवी. तिथल्या डोहांत माणसं बुडालेली आहेत. म्हणजे पाणी असतं तेव्हा वाट नसते, आणि वाट असते तेव्हा काकांच्या व्याख्येतलं पाणी नसतं. "नळ सोडल्यासारखं पडतंय ते बघायला मी ०३.४५ ला उठू?" काका विचारतात.

मग तलकोना. २७० फूट, आंध्रातला सर्वांत उंच. कागदावर हा धबधबा निर्दोष आहे. दोष एवढाच की तो तिरुपतीच्या पलीकडे आहे. चौदा मराठी माणसांना घेऊन तिरुपतीवरून पुढे जाणं आणि वर न चढणं ही गोष्ट कुठल्याही रकान्यात बसत नाही. "इतक्या जवळ आलोय तर" हे वाक्य व्हॅनमध्ये एकाने उच्चारलं की दुसरा लगेच केस द्यायचं बोलतो, तिसरीला आईचा नवस आठवतो. काकांनी एकदा दर्शनाला '४५ मिनिटे' धरली होती. ऑडिटर मामांनी तो आकडा वाचला आणि खुर्चीत बसून घेतलं.

राहता राहिलं होगेनक्कल. हे काकांचं खरं प्रेम. कावेरी जिथे कर्नाटकातून तमिळनाडूत उतरते तिथे ती एकदम न उतरता खडकांच्या खाचाखाचांतून बाराशे वाटांनी कोसळते. तुषार धुरासारखे उठतात, म्हणून कानडीत नाव पडलं धुराचा खडक. पाण्यात बुट्टीसारखी गोल नाव फिरवतात, तिला परिसल म्हणतात. काठावर मालीशवाले तेल चोळून देतात आणि बायका समोर मासे तळतात. अंतर ३४५ किलोमीटर. जाऊन-येऊन ६९०. काका म्हणतात ताशी ६० ने बारा तासांहून कमी. राहिलेले चार तास धबधबा.

"आणि माझे गुडघे कुठल्या रकान्यात घातलेत?" काकूंनी विचारलं.

"दुसऱ्या पानावर आहेत," काका म्हणाले. आणि खरंच होते. 'दर ९० मिनिटांनी काकू उतरणे.'

होगेनक्कलच्या पायी काका रोज सकाळी देवपूजेच्या आधी बिलिगुंडलूचा आकडा पाहतात. बिलिगुंडलू हे सीमेवरचं ठिकाण, जिथे कर्नाटकातून किती कावेरी आली ते मोजतात. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली तमिळनाडूच्या वाट्याला वर्षाचं १७७.२५ टीएमसी पाणी ठरवून दिलं, ते इथेच मोजून घ्यायचं. दोन राज्यांचे मंत्री, इंजिनिअर आणि महागडे वकील ज्या आकड्यावर एकमेकांचे गळे धरतात, तो आकडा आमचे काका ताक किती करायचं हे ठरवायला वापरतात. पाणी फार वाढलं की परिसल बंद, आंघोळ बंद. फार उतरलं की नुसते खडक. मधल्या कुठल्याशा आकड्यावर काकांचा जीव आहे. तो गाठला की ते जिन्यातूनच ओरडतात, "आठ हजार! आठ हजार क्युसेक!" खालच्या मजल्यावरच्या नव्या भाडेकरूंना वाटलं घरभाडं वाढलं.

पण एकदा तो आकडा जुळला तेव्हा आडी महिन्याची अठरावी तारीख होती. त्या दिवशी अख्खा तमिळनाडू नदीला नवं पाणी आलं म्हणून कावेरीच्या काठी जमतो, होगेनक्कलला तर मुंगीला वाव नसतो. ऑडिटर मामांनी काकांना हे हळूच सांगितलं. काकांनी पंचांग मिटलं. पुऱ्या मात्र तळून झाल्या होत्या.

आता पुऱ्यांचं गणित समजून घ्या, म्हणजे पुढचं समजेल. सहलीसाठी तळलेल्या तिखटमिठाच्या पुऱ्या घरी डायनिंग टेबलावर बसून खायच्या नाहीत, असा आमच्यात एक अलिखित कायदा आहे. आजींनी केळीच्या पानात बांधलेला चिंचेचा भात, ज्याला इथे कट्टुसादम म्हणतात, तोही घराबाहेरच सोडायचा. अशा वेळी चौदा माणसं, दोन बरण्या ताक आणि ऐंशी पुऱ्या घेऊन व्हॅन दारात उभी असते, सकाळचे साडेनऊ झालेले असतात, आणि अण्णा आरशात बघत विचारतो, "सार? कोवळम?"

पाटीवर आणि नकाशावर कोवलम असतं. पण तमिळमध्ये तो चक्क आपला 'ळ' आहे. ह्या शोधाचा काकांना फार अभिमान. "उत्तरेकडच्यांना जमत नाही. आपल्याला आणि ह्यांनाच. को-व-ळ-म." असं म्हणून ते ळ जिभेवर असा काही फिरवतात की समोरच्याला तहान लागावी.

शहरापासून चाळीस किलोमीटर, आमच्या दारापासून पन्नासच्या वर. तिरुवान्मियूर संपलं की डाव्या हाताला समुद्र आहे असं सगळे सांगतात आणि दिसतात फक्त बंगल्यांच्या भिंती. मुट्टुकाडूच्या पुलावर मात्र दोन्हीकडे पाणीच पाणी होतं, पोरं खिडकीला चिकटतात, आणि लगेच कोवळम. गाव कोळ्यांचं. चर्च आहे, तमीम अन्सारींचा दर्गा आहे, वाळूवर नावा ओढून ठेवलेल्या असतात आणि जाळी दुरुस्त करणारे म्हातारे तुमच्याकडे मान वर करूनही बघत नाहीत. अठराव्या शतकात नवाबाने ह्याला सादतबंदर केलं होतं. १७५२ साली क्लाइव्हने इथला किल्ला घेतला. काकांना हे कळलं तेव्हा त्यांच्यातला सातारकर जागा झाला. किल्ला म्हणजे चढायचा असतो, वर टाकं असतं, बुरूज असतो, पिठलं-भाकरी असते. ते तडक निघाले. किल्ल्याच्या जागेवर आता पंचतारांकित हॉटेल आहे. दारावरच्या पगडीवाल्याने नमस्कार करून विचारलं, "सार, रूम बुकिंग?" काका परत आले आणि बराच वेळ पुरी चघळत बसले. "सपाट आहे," एवढंच म्हणाले.

किनारा स्वच्छ आहे, २०२१ मध्ये त्याला निळा झेंडाही मिळाला. लाटांवर फळ्या घेऊन सर्फिंग करणारी पोरं ह्याच गावची, कोळ्यांची. गावातल्याच मूर्ती मेगवनने त्यांच्यासाठी शाळा काढली. काका त्या पोरांकडे जरा संशयाने बघतात. लाट येईल तेव्हा उठायचं, येईल तशी घ्यायची, वेळ ठरलेली नाही. "हे कुणी आखतं की नाही?" त्यांनी एका पोराला विचारलं. पोरगा हसला आणि पाण्यात गेला.

पहिल्या वर्षी काकांनी घाईघाईने कोवळमचाही कागद केला. त्यात लिहिलं होतं, '१८.३५ सूर्यास्त, समुद्रात.' आम्ही सगळे कोकण-गोव्याच्या सवयीने समुद्राकडे तोंड करून बसलो. पाण्यावर हळूहळू अंधार आला. आजींनी शेवटी मागे वळून पाहिलं तर सूर्य आमच्या पाठीमागे, खाडीपलीकडे, केळंबाक्कमच्या बाजूला निवांत बुडाला होता. इतकी वर्षं पूर्व किनाऱ्यावर राहून काका पश्चिमेला समुद्र धरून चालले होते. तिथे कुणी हसलं नाही. हसायचं होतं ते घरी जाऊन हसलो.

कोवळमचा एक उपसर्गही आहे. काकूंची बहीण पुण्याला असते. तिला पहिल्यांदा कळलं, "कोवलमला जाऊन आलो," तशी ती म्हणाली, "अगं बाई! केरळला? विमानाने की काय?" काकूंनी दहा मिनिटं समजावून सांगितलं की हे कोवलम ते नव्हे, ते तिरुवनंतपुरमचं, हे आमचं घराजवळचं, डबा घेऊन जायचं. दुसऱ्या वर्षी पाच मिनिटं समजावलं. तिसऱ्या वर्षापासून काकूंनी समजावणं सोडलं. आता पुण्यात अशी समजूत आहे की काका-काकू दर पावसाळ्यात केरळला जातात आणि तब्येत राखून आहेत.

एकदा पोचलो होतो. खोटं सांगणार नाही. पुत्तूरजवळचं कैलासकोना, छोटा धबधबा, बाजूला देऊळ, थोड्या पायऱ्या. तीन कुटुंबं ऐन वेळी गळली म्हणून आम्ही आठच जण होतो आणि त्यामुळे चढणं लवकर आटोपलं. तरी पोचायला पावणेनऊ झालेच. पाणी पडत होतं. चांगलं पडत होतं. पोरांनी शर्ट काढले. काकांनी कागद काढला.

"आंघोळ ०७.३० ते ०८.३०," ते म्हणाले. "ती गेली. आता न्याहारी."

आम्हाला वाटलं गंमत करतायत. काका गंमत करत नाहीत. एकदा आंघोळ पुढे सरकवली की न्याहारी सरकणार, न्याहारी सरकली की देऊळ सरकणार, देऊळ बाराला बंद झालं तर कोण जबाबदार? आणि खरं सांगते, त्यांच्या आवाजात अशी काही कळकळ होती की आठ माणसं धबधब्यासमोर चटई टाकून, तोंडावर तुषार घेत, कोरडी बसली आणि उपमा खाल्ला. एकट्या काकू उठल्या. पदर खोचला, चष्मा काकांच्या हातात दिला, पाण्याखाली जाऊन पाचएक मिनिटं उभ्या राहिल्या आणि परत येऊन केस पिळत म्हणाल्या, "माझी न्याहारी सरकवा." काका चष्मा धरून उभेच होते. परतीच्या वाटेवर पोरं इतकी फुरंगटली की अण्णाने न विचारताच गाडी शहर ओलांडून खाली दक्षिणेला काढली. धबधब्याहून कोरडे निघालो आणि कोवळमला भिजलो.

मात्र काकांचं सगळ्यांत मोठं वर्ष म्हणजे २०१९. त्या उन्हाळ्यात मद्रासचे तलाव आटले. पूंडी, चोळवरम, रेड हिल्स, चेंबरंबाक्कम, चारही ठिकाणी भेगाळलेली जमीन. आमच्या सोसायटीत टँकर कधी येईल ते सांगता यायचं नाही, बादल्यांची रांग रात्री दोनला लागायची. ०३.४५ ला उठणं अचानक उशिरा उठणं ठरलं. आणि अशा वर्षीही जुलैत साताऱ्याहून फोन आला, भावाने तो खिडकीबाहेर धरला. त्या वेळी मात्र काकांनी स्पीकर बंद केला. समोर ऑडिटर मामी रिकामी घागर घेऊन उभ्या होत्या.

मग बातमी आली की जोलारपेट्टैहून पाण्याची आगगाडी येणार. पन्नास वाघिणी, पंचवीस लाख लिटर, आणि उतरणार कुठे, तर आमच्या शेजारच्या विल्लिवाक्कमला! रेल्वे, पाणी आणि वेळ असे तिन्ही देव एकाच फलाटावर. १२ जुलै, शुक्रवार. पंचांगात पाहिलं तर आषाढी एकादशी. काकांनी दोन पानी कागद केला, आयुष्यातला सर्वांत आखूड. आम्ही सगळे उपासाच्या पोटी निघालो. साबुदाण्याची खिचडी डब्यात होती (साबुदाणा इथला, सेलमकडचा, आपली एकादशी तमिळनाडूच्या जिवावर चालते हे पंढरपुरात किती जणांना माहीत असेल?). ताक त्या वर्षी रद्द होतं. पाणी कुठून आणणार?

स्टेशनाजवळ तोबा गर्दी. कॅमेरे, पोलीस, फुलांचे हार. लांबून, माणसांच्या डोक्यांवरून, आम्हाला वाघिणींची रांग दिसली. गाडी थांबली, नळ्या जोडल्या, लोकांनी टाळ्या वाजवल्या. पाण्याच्या टाक्यांना टाळ्या मी त्याआधी पाहिल्या नव्हत्या. काका टाचा उंचावून बघत होते. मग ते आमच्याकडे वळले. त्यांचा चेहरा फुलला होता.

"हे पाणी कुठलं आहे माहितेय? कावेरीचं. मेट्टूरच्या धरणातून पाइपाने जोलारपेट्टैला आणलंय. आणि मेट्टूरच्या वर काय आहे?"

कुणी बोललं नाही.

"होगेनक्कल! बिलिगुंडलू, होगेनक्कल, मेट्टूर, जोलारपेट्टै, विल्लिवाक्कम." त्यांनी बोटावर एकेक स्टेशन मोजलं. "आपण गेलो नाही म्हणून काय झालं? आलं की नाही?"

"आलं," काकू म्हणाल्या. "बघितलंत ना? आता घरी चला, टँकरची वेळ झालीय."

त्या संध्याकाळीही कोवळमला गेलो. सुंडलवाला पोरगा "तेंगा, मांगा, पट्टाणि सुंडल" करत आमच्याभोवती तीन फेऱ्या मारून गेला. एकादशीला वाटाणे चालत नाहीत, म्हणून नुसता वास घेतला. पलीकडे, थोडं दक्षिणेला, नेम्मेलीला समुद्राचं पाणी गोडं करायचा कारखाना आहे. २०१३ पासून रोज दहा कोटी लिटर. काका बराच वेळ त्या दिशेला बघत होते. "दक्षिण मद्रासला जातं ते," म्हणाले. "आपल्याकडे नाही." मग पँट गुडघ्यापर्यंत दुमडून पाण्यात उभे राहिले. चौदा माणसांत त्या दिवशी पोटभर भिजलेले तेवढेच.

आता गेल्या जुलैची गोष्ट. बिलिगुंडलूचा आकडा जुळलेला, आडी अठरा दूर, रविवार, काकूंचे गुडघे मानलेले. होगेनक्कल. कागद चार पानी, झेरॉक्स चौदा. माझा नवरा नेहमीप्रमाणे 'हवा' तपासायला सव्वाआठला उठला. ताक माझ्याकडून सांडलं, ते पुन्हा घुसळलं. आजींचा कवळीचा डबा सापडेना. मी आपली पुढच्या सीटवर अण्णाशेजारी जाऊन बसले. नऊ वाजून वीस मिनिटं झाली होती. मागे काकू पिशव्या लावत होत्या. त्यांच्या पिशवीच्या तोंडातून वाळूत घालायच्या जुन्या रबरी चपला आणि पोरांची फावडी-बादली दिसत होती. होगेनक्कलला खडक आहेत. वाळूची फावडी कशाला, हे मी विचारलं नाही.

अण्णाने स्टिअरिंगवर ट्रिपशीट ठेवलं होतं. तारीख, गाडीचा नंबर, सुरुवातीचे किलोमीटर, सगळं भरून झालेलं. तमिळ मला अजून अडखळतच वाचता येतं, पण अकरा वर्षांत एक अक्षर मी लांबूनही ओळखते. ठिकाणाच्या रकान्यात 'ळ' होता. होगेनक्कलमध्ये ळ नाही. त्यापुढे आकडा, १००.

मी अण्णाकडे पाहिलं. तो आरसा पुसायला लागला.

तेवढ्यात काका खिडकीशी आले, हातात शिट्टी. सगळ्यांच्या माना मोजून झाल्या होत्या. त्यांची नजर ट्रिपशीटवर गेली. ते कागद वाचल्याशिवाय सोडत नाहीत, दुसऱ्याचा असला तरी. त्यांनी रकाना वाचला. अण्णाच्या खिशातलं पेन काढलं, १०० वर काट मारली आणि शेजारी नीट, आलेखाच्या वहीत लिहितात तसं, १०४ लिहिलं.

"नूरु इल्लै," ते अण्णाला म्हणाले. "नूत्ति नालु. पेट्रोल पंपाचा वळसा धरत नाहीस तू."

पेन परत खिशाला लावलं, मागे जाऊन आपल्या जागेवर बसले, होगेनक्कलचा कागद मांडीवर उघडला आणि शिट्टी मारली.

"चला, ०४.१०."